बोर्ड नसलेलं, टिकाऊ वॉशिंग मशीन हवंय? मग आधी ड्रायर बघा

बार्शीहून एका ताईंचा प्रश्न आलाय. घरात पाच माणसं, पाणी बोअरचं, लाइटचा भरवसा नाही. आधीच्या फुल्ली ऑटोमॅटिकचा बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, दोनदा गेला आणि आता तिसऱ्यांदा बदलायचा तर कारागीर साडेचार हजार मागतोय. त्यामुळे साधं, जुन्या पद्धतीचं, दहा-बारा वर्षं कुरकुर न करता चालणारं मशीन त्यांना हवंय. सात किलोचं घ्यावं की साडेआठ, पत्र्याचं की प्लास्टिकचं, आणि कुठल्या कंपनीचं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक घ्या, म्हणजे एका टबात धुवायचं आणि दुसऱ्यात, ड्रायरमध्ये, पिळायचं. सात-साडेसात किलोचं, प्लास्टिक बॉडीचं, फिरवायचे तीन-चार नॉब असलेलं आणि ज्यावर डिजिटल आकडा एकही उमटत नाही असं. आज नऊ ते बारा हजारांत चांगलं मिळतं. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. का ते पुढे सांगतो.

माझा धंदा दुरुस्तीचा आहे, विक्रीचा नाही. त्यामुळे मशीन कसं दिसतं यापेक्षा ते कशानं बंद पडतं हेच मला जास्त ठाऊक. सेमी ऑटोमॅटिकच्या पोटात बंद पडण्यासारख्या वस्तूच मुळात मोजक्या. धुण्याच्या टबाखाली एक मोटर, तिच्यावरून पट्टा गिअरबॉक्सला, गिअरबॉक्सवर पाण्यात फिरणारं चक्र. ड्रायरखाली दुसरी मोटर. दोन टायमर, मोटर सुरू करून देणारा कपॅसिटर, ड्रायरचा ब्रेक, पाणी सोडायचा रबरी व्हॉल्व्ह, आणि सील. संपलं. यातला प्रत्येक पार्ट वेगळा मिळतो, वेगळा बदलता येतो. गावातला कुठलाही बरा कारागीर हे मशीन तासाभरात मोकळं करून परत बांधतो. टायमर साधारण तीन-चारशेला, पट्टा आणि कपॅसिटर शे-दोनशेच्या घरात, सील त्याहून स्वस्त. गावोगाव भाव थोडा इकडेतिकडे होईल, पण बोर्डाच्या साडेचार हजारांशी त्याची तुलनाच नको.

लाइटचंही इथे बरं असतं. या मशीनचा टायमर चावीच्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालतो. पिन काढलेली असली तरी नॉब फिरवा, तो टिकटिक करत शून्यावर येतोच. म्हणजे मध्येच लाइट गेली आणि अर्ध्या तासानं आली, तर मशीन आपोआप दणादण सुरू होत नाही. किती मिनिटं राहिली होती त्या अंदाजानं तुम्हीच पुन्हा नॉब फिरवायचा. एक पथ्य मात्र पाळा, नॉब उलटा फिरवू नका. घाईत मागे ओढला की आतली चक्रं सटकतात, आणि टायमर जाण्याचं ते फार नेहमीचं कारण आहे.

आता ड्रायर. दुकानात गिऱ्हाईक धुण्याचा टब बघतो, त्यात हात घालून बघतो, काचेचं झाकण वरखाली करून बघतो. ड्रायरकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि सेमी ऑटोमॅटिक मरतं ते बहुतेक वेळा ड्रायरच्या बाजूनंच.

कारण समजून घ्या. ड्रायरची मोटर बरोबर टबाच्या खाली, उभी, थेट त्याच दांड्यावर बसवलेली असते. मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे. वर पिळून निघणारं पाणी आणि खाली विजेची मोटर, या दोघांच्या मध्ये फक्त एक रबरी सील. ते सील जोवर धड आहे तोवर पाणी बाजूच्या वाटेनं नळीत जातं. सीलची कड झिजली, फाटली, तिच्यात केस किंवा दोरे अडकले, की पाणी दांड्यावरून थेंबथेंब मोटरवर उतरतं. आधी बुश आणि बेअरिंग गंजतात. मग पिळताना घूंऽऽ असा आवाज येतो. घरचे म्हणतात जुनं झालं, आवाज करणारच. दोन-तीन महिन्यांनी वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, जळतं आणि शे-सव्वाशेच्या सीलपायी मोटर बदलायची वेळ येते. ड्रायरचा आवाज बदलला की त्याच आठवड्यात मशीन मागून उघडून मोटरच्या डोक्यावर पांढरा क्षार किंवा गंजाचे ओघळ दिसतात का बघायला सांगा. ओघळ दिसले तर सील गेलंच म्हणून समजा.

आणि सील फाटतं कशानं? माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये बहुतेकदा पायमोज्यानं. ड्रायरमध्ये कपड्यांवर ठेवायची एक गोल जाळीदार प्लास्टिकची चकती मशीनसोबत मिळते. पहिल्या महिन्यात ती वापरतात, मग कंटाळा येतो आणि ती माळ्यावर जाते. त्यानंतर एखाद दिवशी पिळताना मोजा, रुमाल नाहीतर झबलं उडतं, फिरणाऱ्या टोपलीच्या आणि बाहेरच्या भांड्याच्या फटीतून खाली जातं आणि दांड्याला गुंडाळलं जातं. टोपली जड फिरते, मोटर तापते आणि सील चेचलं जातं. मी टोपली उपसतो तेव्हा खाली घरातले हरवलेले सगळे मोजे सापडतात. ती चकती फेकू नका, एवढं केलंत तरी मशीनची दोन-तीन वर्षं वाढतील.

म्हणून दुकानात गेल्यावर काय करायचं? शोरूममधलं मशीन मागे ओढायला सांगा. ड्रायरचं झाकण उघडून टोपलीवर तळवा ठेवा आणि हलकेच खाली दाबा. सगळ्या बाजूंनी सारखीच दबून वर आली पाहिजे. खाली मोटर तीन स्प्रिंगांवर आणि रबरांवर बसलेली असते. एका बाजूला टोपली कलत असेल तर स्प्रिंग नीट बसलेली नाही, नाहीतर वाहतुकीत दणका बसलाय. झाकण उघडं असताना ब्रेक लागलेला असतो, त्यामुळे टोपली हातानं सहज फिरता कामा नये. पिन लावायची परवानगी मिळाली तर रिकामा ड्रायर अर्धं मिनिट फिरवा आणि झाकण उचला. चार-पाच सेकंदांत टोपली गपकन थांबली पाहिजे. रेंगाळत थांबणारी टोपली म्हणजे ब्रेक नीट लागत नाही. घरात लहान मूल असेल तर असं मशीन दारात उतरवूनच घेऊ नका. आणि ब्रेक कितीही चांगला असो, फिरत्या ड्रायरमध्ये हात घालायचा नाही. ओली साडी बोटाला वेढा घालते तेव्हा हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

मग मशीन थोडं तिरकं करून खाली वाका. तळाला जाळी किंवा बंद पाटा आहे का? आपल्याकडे उंदीर हा मशीनचा सीलइतकाच मोठा वैरी. मोटरची ऊब, अंधार आणि कुरतडायला वायरी, त्याला आणखी काय हवं? तळ उघडा असेल तर कंपनीची जाळी वेगळी मिळते का विचारा, नाहीतर बारीक लोखंडी जाळी कारागिराकडून बसवून घ्या. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत उंदरानं केलेलं नुकसान धरत नाहीत.

मोटरचं वाइंडिंग तांब्याचं आहे का हे विचारायला लाजू नका, आणि दोन्ही मोटरींचं विचारा. विक्रेता वॉश मोटरचं सांगतो आणि स्पिन मोटरवरून विषय बदलतो, असं बऱ्याचदा होतं. ॲल्युमिनियमचं वाइंडिंग कमी-जास्त व्होल्टेजमध्ये लवकर हार मानतं, आणि जळल्यावर रिवाइंडिंगवाले ते हातात घ्यायला तयार नसतात. पुढे कधी मोटर बदलायची वेळ आली तर बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या मोटरी बहुधा याच जातीच्या असतात, तेव्हाही हाच प्रश्न विचारा.

किलोचं गणित दुकानात जरा फसवं सांगतात. आकडा कोरड्या कपड्यांचा असतो आणि तोही धुण्याच्या टबाचा. ड्रायरची क्षमता बहुतेक मॉडेलमध्ये त्याहून कमी असते, म्हणजे सात किलो धुतलेलं दोन खेपांत पिळावं लागतं. त्यात गैर काही नाही, फक्त माहीत असावं. घरातल्या कपड्यांचा अंदाज असा: जीन्स पाऊण किलोच्या आतबाहेर, डबल बेडची चादर किलोच्या आसपास, सुती साडी आणि मोठा टॉवेल अर्धा अर्धा किलो, शर्ट पाव किलोहून हलका. पाच माणसांचे रोजचे कपडे रोज धुवायचे असतील तर सात किलोतही जागा उरते. साडेआठचं घ्यायचं कारण एकच, ते म्हणजे सोलापुरी चादरी आणि जाड पांघरुणं घरीच धुणं. पण मोठा टब म्हणजे दर खेपेला जास्त पाणी. सात किलोचा टब काठोकाठ भरला तर चाळीस-पन्नास लिटर जातंच, आणि खळबळायला पुन्हा तेवढंच. तुमच्याकडे उन्हाळ्यात बोअर आटत असेल तर हा विचार आधी करा. तसं या मशीनचं एक सुख असं की पाणी तुमच्या ताब्यात असतं. पांढऱ्या कपड्यांचं साबणाचं पाणी तसंच ठेवून त्यातच रंगीत, मग पायपुसणी. ऑटोमॅटिक ते पाणी तुम्हाला न विचारता मोरीत ओतून देतं.

पत्रा की प्लास्टिक? पूर्वी मी पत्र्याच्या बाजूनं बोलायचो, आता नाही. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे शिंतोडे खालच्या कडेला बसतात, पावडर-कोटिंगला कुठेतरी चरा पडतो आणि तिथून गंज चढतो. कोकणात आणि गोव्यात तर हवाच पुरते, पाण्याचीही गरज नाही. प्लास्टिकची बॉडी गंजत नाही, फक्त उन्हात ठेवू नये. गच्चीवर किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत मशीन राहणार असेल तर त्यावर जाड कापडाचं कव्हर घाला, नाहीतर चार-पाच उन्हाळ्यांत प्लास्टिक ठिसूळ होतं आणि नॉबपाशी तडे जातात.

बाकी जाहिरातीतल्या गोष्टींवर फार वेळ घालवू नका. धुण्याचे दोन-तीन प्रकार, म्हणजे नाजूक, साधं, जोरात, एवढे पुष्कळ झाले. त्यात फरक फक्त चक्र किती वेळ फिरतं आणि किती वेळ थांबतं याचा. ड्रायरमध्ये वरून पाणी सोडायची सोय असेल तर घ्या, साबण काढायला ती खरंच उपयोगी. हवेनं वाळवणं वगैरे म्हणजे झाकणाला एक भोक असतं; कपडे शेवटी दोरीवरच वाळतात. धागे गोळा करायची जाळीची पिशवी मात्र बघा, कारण ती फाटते आणि दर वर्ष-दोन वर्षांनी नवी लागते. तुमच्या गावात ती सुटी मिळत नसेल तर बाकीचे पार्ट मिळतील ही आशा कशाला धरायची?

आता कंपनी. व्हर्लपूल, एलजी, सॅमसंग, गोदरेज, सगळ्यांची सेमी ऑटोमॅटिक मशीनं मी उघडली आहेत आणि आतली मांडणी सगळीकडे जवळपास सारखीच. बाजारात जायच्या आधी बार्शीतल्या दोन कारागिरांना आणि एका पार्टच्या दुकानाला गाठा. विचारायचं ते असं: ड्रायरचं सील, ब्रेकची तार आणि वॉश टायमर आज काउंटरवर कुणाचे आहेत? जे नाव दोघांच्याही तोंडी येईल ते घ्या. कारखाना जवळ आहे म्हणून पार्ट लवकर मिळतो असंही नसतं हं. एलजीचा कारखाना रांजणगावला आहे, गोदरेजचा शिरवळला, पण तालुक्याच्या दुकानात सील येतं ते वितरकाच्या मर्जीनं. उलट, व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तरी तिची जुनी दोन टबांची मशीनं अजून माझ्याकडे येतात आणि दुरुस्त होऊन जातात, कारण त्यांच्या मापाचे पार्ट बाहेरचे कारखाने बनवतात. तालुक्याला नाही मिळाला तर पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, माणूस धाडायचा. बोर्डाच्या मशीनचं असं होत नाही. मॉडेल बंद झालं की तो बोर्ड बंद होतो, आणि मग जुन्या मशीनचा काढून बसवायचा एवढंच उरतं.

वॉरंटीत ठळक छापलेलं ‘मोटरवर पाच वर्षं’ वाचून भुलू नका. रबर, प्लास्टिक, पट्टा आणि मजुरी सहसा त्यात नसते, आणि मोटर जाते ती बहुधा रबरापायी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरची आणि सुट्या भागांची माहिती मिळते. घेण्याआधी मुलाला एकदा बघायला सांगा.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण तुमच्या भागातलं बोअरचं पाणी मी पाहिलंय. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून बाया पावडर वाढवतात. ती पावडर आणि पाण्यातला चुना मिळून एक चिकट थर होतो, तो कपड्यांवर बसतो आणि चक्राच्या खालीही. पांढरे सदरे करडे पडतात ते यामुळे. बिचाऱ्या मशीनचा त्यात काही दोष नसतो. उपाय साधा आहे: टब भरताना आधी दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाका, पाच मिनिटं फिरू द्या, मग पावडर. पावडर कोमट पाण्याच्या बादलीत विरघळवून ओता. शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात जमलं तर उत्तमच. दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या टबात कोमट पाणी भरून शंभर-दीडशे ग्रॅम लिंबूसत्व टाका, दहा मिनिटं फिरवा, तासभर तसंच ठेवा, मग सोडून द्या. त्या पाण्यात ब्लीच कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, आणि मोरी बंदिस्त असते. टबात उकळतं पाणी थेट ओतू नका. आधी गार, मग गरम, हाताला सोसेल इतपतच.

नऊवारी किंवा लांब ओढण्या मोकळ्या टाकल्या तर चक्र त्यांचा दोर वळतं आणि मग पट्ट्यावर ताण येतो. घडी करून उशीच्या अभ्र्यात घाला, तोंडाला गाठ मारा. खिसे तपासा. एक रुपयाचं नाणं चक्राखाली गेलं की कर्रकर्र आवाज येतो आणि टबाच्या तळाला चर पडत जाते. चक्र मधल्या एका स्क्रूवर असतं, ते काढून महिन्या-दोन महिन्यांनी खालची घाण काढणं हे काम घरातलं कुणीही करू शकतं. मोटर नुसती गुणगुणते आणि चक्र फिरत नाही, तर आधी कपॅसिटर तपासून घ्या. नवा घालताना जुन्यावर छापलेलाच आकडा हवा. कपड्यांवर काळे तेलकट डाग पडले तर गिअरबॉक्सचं सील गेलंय, मग त्यात चालढकल करू नका.

विजेचं. या मशीनमध्ये हीटर नसतो, त्यामुळे साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर चालतं, वेगळी जाड वायर ओढायची गरज नाही. पण अर्थिंग हवंच. ओली फरशी, ओले हात आणि मध्ये मोटर. बॉडी प्लास्टिकची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इलेक्ट्रिशियनला सांगून तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. हा खर्च मशीनच्या किमतीतच धरा. चौकोनी (स्क्वेअर) वेव्हच्या, म्हणजे ओबडधोबड वीज देणाऱ्या, स्वस्त इन्व्हर्टरवर मशीन लावू नका, मोटर गुरगुरते आणि तापते. व्होल्टेज फार पडत असेल, पंखा मंदावलेला दिसत असेल, तर तेवढा वेळ ड्रायर थांबवा. वॉश मोटर एकवेळ निभावून नेते.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही. हे मशीन चालवणार कोण? ओले कपडे उचलून एका टबातून दुसऱ्यात टाकायचे असतात. ओली चादर कोरडीच्या दुपटीहून जड होते. सासूबाई चालवणार असतील आणि कंबर दुखत असेल, किंवा घरातलं प्रत्येक माणूस सकाळी आठला बाहेर पडत असेल, तर मी टिकाऊपणाचा आग्रह धरणार नाही. मग त्याच ऑटोमॅटिकला चांगला स्टॅबिलायझर लावा आणि जुना बोर्ड फेकायच्या आधी बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. पुष्कळदा एखादा रिले (बोर्डावरचा छोटा स्विच) किंवा पॉवरचा भाग गेलेला असतो आणि नव्याच्या चौथाई खर्चात काम होतं. कारागीर हे आपणहून सांगेलच असं नाही.

सेमी ऑटोमॅटिक ठरलं, तर घरी आणल्यावर मोरीचा उतार बघा. बहुतेक मशीनमध्ये पाणी पंपानं जात नाही, आपल्या भारानं जातं. नळीचं तोंड टबाच्या तळापेक्षा खाली राहिलं पाहिजे. नळी उंबऱ्यावरून उचलून नेली की पाणी आत तुंबतं, आणि ड्रायरखाली तुंबलेलं पाणी शेवटी सीलवरच येतं. मोरीचा काठ उंच असेल तर मशीनखाली चार-सहा इंचांचा सिमेंटचा ओटा घालून घ्या. लाकडी पाट नको, तो फुगतो आणि मशीन डगमगतं. चारही पाय टेकले आहेत का ते रिकामा ड्रायर फिरवून तपासा. मशीन जागचं सरकलं तर पायाखाली रबराचे तुकडे द्या. बिल आणि मॉडेल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. मागचं स्टिकर दोन पावसाळ्यांत पुसतं, आणि नंबर नसेल तर पार्टवाला तुम्हाला अंदाजानं सील देतो.